पानाची प्लेट: माती लाटण्यापासून भट्टी उघडेपर्यंत

आमच्या स्टुडिओत येणारा जवळपास प्रत्येक जण आधी ग्लेझबद्दल (भांड्यावरच्या काचेसारख्या थराबद्दल) विचारतो, हा हिरवा कसा आला, तो निळसर कसा काय, कुठली पावडर वापरता. प्रश्न बरोबरच आहे, पण पानाची प्लेट सरळ राहणार की वाकडी होणार हे ग्लेझच्या खूप आधी ठरलेलं असतं. थोडं पान निवडताना ठरतं आणि बाकी बहुतेक सगळं वाळवताना. म्हणून मी वाळवण्यावर जरा जास्तच लिहिणार आहे, कंटाळू नका, कारण पुण्यात एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये तीच माती अगदी वेगळी वागते आणि हे परदेशी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही, त्यांचं हवामानच वेगळं.

स्टुडिओ म्हणजे आमच्या वारज्याच्या घराचा खालचा मजला. मी, नवरा, सासूबाई आणि धाकटी जाऊ असे चौघं काम करतो, सुट्टीत मुलं पण. खाली सांगतेय ती साधी पान उमटवलेली प्लेट आहे, तयार झाल्यावर ९ इंचाची, स्टोनवेअरची, रोज जेवायला वापरता येईल अशी. चाक लागत नाही. भट्टी नसली तरी करता येते, ते शेवटी सांगते.

माती कुठली घ्यायची

गणपतीच्या दिवसांत सगळ्यांच्या घरी शाडू उरलेला असतो त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो, शाडू चालेल का? नाही चालणार. शाडू मूर्तीसाठी उत्तम, पण ती मूर्ती भाजायची नसते, पाण्यात विरघळवायची असते. भट्टीत ती माती कशी वागेल याचा भरवसा नाही आणि तिचं जेवायचं भांडं तर होतच नाही.

दुसरा प्रश्न गावाकडच्या शेतातल्या काळ्या मातीचा. आपल्याकडची काळी माती बेसाल्टच्या खडकातून झालेली, पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते, उन्हाळ्यात रानात पडलेल्या भेगा आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. प्लेटमध्ये पण तेच होणार. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, ते भट्टीत भाजले की कळीचा चुना होतो आणि मग भांडं बाहेर काढल्यावर काही दिवसांनी हवेतली ओल शोषून तो खडा फुगतो आणि वरचा टवका उडवतो. भांडं कपाटात नुसतं ठेवलेलं असतं आणि टवका उडतो, कारण कळत नाही. तरी गावची माती वापरायचीच असेल (मला ही इच्छा फार कळते) तर बारीक चाळणीतून गाळून पातळ स्लिप (पाण्यात कालवलेली माती) करा आणि तयार मातीच्या टेस्ट टाइलवर, म्हणजे चाचणीच्या छोट्या तुकड्यावर, लावून बघा, तिच्यात लोह भरपूर असतं त्यामुळे छान गडद तपकिरी रंग मिळू शकतो.

टेराकोटा म्हणजे आपली लाल माती, ती कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात किंवा मुंढव्याजवळ केशवनगरला मिळू शकते, तिथल्या काकांना नीट विचारलं तर मातीबद्दल इतकं सांगतात की कुठल्या कोर्समध्ये मिळणार नाही. पण टेराकोटा साधारण ९०० ते १००० डिग्रीला भाजतात आणि ती सच्छिद्र राहते, म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. कुंडी, पणती, भिंतीवरची टाइल याला मस्त. रोजच्या आमटीभाताच्या प्लेटला स्टोनवेअर घ्या. ती १२०० ते १२५० डिग्रीला भाजली की आतून घट्ट होते आणि पाणी जवळपास शोषत नाही. स्टोनवेअरची तयार मळलेली माती पिशवीत मिळते, पिशवीवर किती डिग्रीची आहे ते लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या. पहिल्या प्लेट्सना थोडा ग्रॉग असलेली घ्यावी, ग्रॉग म्हणजे भाजून कुटलेल्या मातीचा रवाळ चुरा, त्याने माती कमी आकसते आणि कमी वाकते. जास्त ग्रॉग नको, पानाच्या बारीक शिरा उमटत नाहीत.

आकसण्याचा हिशोब आधीच करून ठेवा. स्टोनवेअर ओली असल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत साधारण १० ते १३ टक्के आकसते. १२ टक्के धरलं तर ९ इंचाची प्लेट हवी असेल तर ओली असताना सव्वादहा इंचाची कापायला लागेल. सेट करायचा असेल तर हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा, आमच्याकडे लिहिलेत.

माती मळताना ज्यांना कणीक मळायची सवय आहे त्यांना हात लगेच बसतो, फरक एवढाच की कणीक दुमडून दुमडून मळली तरी काही बिघडत नाही, मातीत दुमड पडली की आत हवा अडकते. तळहाताने पुढे दाबायचं, थोडं फिरवून मागे ओढायचं, परत दाबायचं. मग तारेने मधोमध कापून बघायचं, भोकं दिसली तर अजून मळा.

पानं

हे सासूबाईंचं खातं. त्या रोज सकाळी टेकडीवर जातात आणि येताना पिशवीत काहीतरी असतंच, पण एक नियम आमच्या घरात कडक आहे, टेकडीवरचं झाड ओरबाडायचं नाही. खाली पडलेलं घ्या, सोसायटीतल्या झाडांची छाटणी होते त्या ढिगातून घ्या, पावसाळ्याआधी रस्त्याकडेच्या फांद्या कापतात त्यातून तर हवी तेवढी पानं मिळतात. वेताळ टेकडी काय, तळजाई काय, तिथलं नेच्याचं एक झुडूप पावसात वर येतं ते पुन्हा पुढच्या पावसापर्यंत दिसत नाही, ते तिथेच राहू दे.

पान कसं निवडायचं? रंग, आकार बघू नका, उलटं करून शिरा बघा. बोट फिरवलं तर शिरा हाताला लागल्या पाहिजेत. मातीवर पान नेहमी पाठ खाली करून ठेवायचं कारण शिरांचा उठाव पाठीला असतो.

सागाचं पान मला सगळ्यात आवडतं, जाड शिरा, मधे बारीक जाळी, वर खरखरीत पोत, आणि एकाच पानात अख्खी प्लेट भरते. पावसाळ्यात नवीन पानं मोठी होतात तेव्हा साग घ्यावा, हिवाळा सरत येतो तशी पानं वाळून गळायला लागतात आणि वाळलेलं सागाचं पान मातीवर दाबलं की चुरा होतो. अळूचं पान पण सुंदर उमटतं, गोलसर येणाऱ्या ठळक शिरा, पण चिकाने हात खाजतात, आपल्याला वडीचा अनुभव आहेच, हातमोजे घाला. पिंपळाचं लांब टोक फार नाजूक असतं, प्लेटची कड त्या टोकाच्या आकारात कापायचा मोह होतो पण तो टाळा, ते टोक वापरताना पहिल्या महिन्यात तुटतं. पान प्लेटच्या मधोमध उमटवा आणि कड गोल ठेवा. आंब्याच्या पानाच्या शिरा एकदम शिस्तीत असतात, लांबट ट्रेला ते छान. एरंड आणि पपई मोठ्या बाऊलला. आपटा छोट्या वाटीला, दसऱ्याच्या आधी आमच्याकडे आपट्याच्या छोट्या डिशेस सगळ्यात जास्त जातात. पळस घेतलात तर तिन्ही पानं एकत्र ठेवून उमटवा, आपली पत्रावळ पूर्वी पळसाच्या पानांची असायची त्यामुळे जेवणाच्या प्लेटवर ते पान अगदी आपल्या जागी बसल्यासारखं वाटतं. रुई मात्र नको, तिचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, स्टुडिओत मुलं असतील तर रुई, कण्हेर, धोतरा यांची पानं आणूच नका.

चिंच, गुलमोहर, शेवगा यांची बारीक पानं एकेक लावत बसू नका. पूर्ण डहाळी ठेवा.

पान ताजं असेल तर तासभर आधी तोडलेलं जास्त चांगलं, थोडं मऊ पडलेलं मातीला नीट चिकटतं. जाड देठ मातीत खोल खड्डा करतो आणि प्लेट तिथूनच चिरते, म्हणून देठाची मागची बाजू ब्लेडने तासून घ्या. हे छोटंसं काम आहे पण सोडू नका.

लाटणं आणि उमटवणं

टेबलावर जाड सुती कापड पसरा, डेनिम किंवा कॅनव्हास. दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा आणि मधे माती ठेवून लाटणं पट्ट्यांवरून फिरवा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. जाडी सारखी नसेल तर पातळ भाग आधी सुकतो आणि जाड भागाला ओढतो, तिथेच वाकण्याची सुरुवात होते. एकाच दिशेने लाटत राहू नका, दर थोड्या वेळाने माती उचलून फिरवा आणि उलटी करा. लाटून झाल्यावर रबरी किंवा स्टीलच्या किडनीने (हातात मावणाऱ्या वाटाण्याच्या बीसारख्या वक्र पातीने) दोन्ही बाजू दाबून गुळगुळीत करा, अगदी दोन्ही, फक्त वरची नाही. एका बाजूने दाबलेली पट्टी त्या बाजूला वळते.

आता पान ठेवा, पाठ खाली. मधल्या शिरेपासून कडेकडे बोटांनी दाबा, मग एकदाच हलक्या हाताने लाटणं फिरवा. पुन्हा पुन्हा फिरवलं तर पान सरकतं आणि शिरा दुहेरी उमटतात. पान लगेच काढायचं नाही. त्याच्यासकट सुईने प्लेटचा गोल कापा, कड ओल्या स्पंजने किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावरून बोट फिरवून गोलसर करा, आणि पान काढायचं ते प्लेट आकारात बसवून झाल्यावर. देठाला धरून हळूच सोलत काढा. एखादा तुकडा राहिला तर खरडू नका, तो भट्टीत जळून जातो.

आकारासाठी साचा विकत आणायची गरज नाही. घरातली स्टीलची थाळी, उथळ परात, कढईचं झाकण, काहीही. आतमध्ये वर्तमानपत्राचा ओला कागद किंवा पातळ कापड पसरा म्हणजे माती चिकटत नाही. माती भांड्याच्या आत बसवा, पालथ्या भांड्यावर नको, निदान सुरुवातीला. कारण माती सुकताना आकसते, आत असेल तर ती मोकळेपणाने आत सरकते, आणि पालथ्या भांड्यावर असेल तर आकसायला जागाच नसते, वेळेत काढली नाही तर चिरते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाटलेली माती एका कडेला धरून उचलायची नाही. तिला आठवण असते. एकदा वाकली की तुम्ही सरळ करा, दाबा, काही करा, भट्टीत ती परत त्याच बाजूला वळणार. खालच्या कापडासकट उचला किंवा वर पाट ठेवून दोन पाटांच्या मधे उलटी करा.

वाळवणं

पळसाला पानं तीनच, कुठल्याही गावातल्या कुठल्याही स्टुडिओत जा, ओल्या मातीतलं पाणी सगळीकडून सारखं आणि सावकाश बाहेर यायला लागतं. कड मधल्या भागाच्या आधी सुकते, कारण तिला दोन बाजूंनी वारा लागतो. कड सुकली की ती आकसते, मधला भाग अजून ओला, म्हणून कड वर उचलली जाते किंवा चिरते. सगळं वाळवणं म्हणजे या कडेला थांबवून धरणं आहे.

उन्हाळ्यात, म्हणजे पुण्यात मार्च ते मे, हवा इतकी कोरडी असते की दुपारच्या वाऱ्यात कड दोन तासांत पांढरी पडते. तेव्हा पूर्ण प्लेट प्लॅस्टिकने झाका आणि शिवाय कडेभोवती प्लॅस्टिकची पट्टी वेगळी गुंडाळा. पहिले दोन दिवस प्लॅस्टिक उघडूच नका. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या मधोमध छोटं भोक पाडा म्हणजे मधला भाग आधी श्वास घेतो, कड झाकलेलीच. पंखा बंद. ज्या खोलीत प्लेट्स आहेत तिथे पंखा चालणार नाही हा आमच्याकडे उन्हाळ्याचा नियम आहे आणि तो पाहुण्यांनाही लागू आहे.

पावसाळ्यात सगळं उलटं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी ओल असते की झाकून ठेवलेली प्लेट आठवडाभर तशीच ओली राहते आणि पानाच्या जागी बुरशी धरते. बुरशीने मातीचं काही बिघडत नाही, भट्टीत जळते, पण वास येतो. तेव्हा प्लॅस्टिकऐवजी वर्तमानपत्र वापरा, ओलं झालं की बदला. कागद पाणी शोषतो आणि सगळीकडून सारखं शोषतो. पावसाळ्यात प्लेट पूर्ण सुकायला दोन ते तीन आठवडे धरून चाला आणि दिवाळीच्या ऑर्डरी घेताना हा हिशोब आधी करा. दिवाळीसाठी लाटायचं काम ऑगस्टमध्येच संपलेलं बरं.

हिवाळा सगळ्यात सोपा, थंडी असते, हवा कोरडी पण वारा मंद. नवीन शिकणाऱ्याने पहिली प्लेट डिसेंबरमध्ये करावी असं मी मनापासून सांगेन.

माती कडकसर झाली, म्हणजे बोटाने दाबली तर ठसा उमटत नाही पण नखाने ओरखडा पडतो, तेव्हा तिला साच्यातून काढा. हीच वेळ खाली पाय लावायची. तीन छोटे गोळे किंवा मातीची रिंग, दोन्ही बाजूंना सुईने आडवे-उभे ओरखडे मारा, पातळ मातीची स्लिप लावा, दाबून बसवा. पाय लावला की प्लेट परत एक दिवस पूर्ण झाकून ठेवा, पायाची माती जास्त ओली असते आणि दोघांची ओल सारखी व्हायला वेळ लागतो. तळावर तारीख आणि खूण पण आत्ताच कोरा.

यानंतर प्लेट दोन जिप्सम बोर्डच्या तुकड्यांत ठेवा (फॉल्स सीलिंगचं काम झालं की तुकडे मिळतात, कापलेल्या कडांना टेप लावून घ्या म्हणजे जिप्समचा चुरा मातीत पडत नाही). उथळ, सपाट प्लेटला हे फार उपयोगी, बाऊलला नाही. सकाळ-संध्याकाळ खालीवर करायचं.

घरच्या स्टुडिओत एक वेगळीच गोष्ट होते. प्रत्येकाला मदत करायची असते. कुणीतरी प्लॅस्टिक उघडतं, कुणीतरी ट्रे उन्हात नेऊन ठेवतं, सगळं प्रेमापोटी. म्हणून वाळवण एकाच्याच हातात द्या. आमच्याकडे सासूबाई, त्या म्हणतील तेव्हाच प्लॅस्टिक निघतं. जन्मभर पापड, कुरडया, सांडगे वाळवलेले, कुठल्या दिवशी ऊन किती आहे हे त्यांना अंगणात उभं राहून कळतं आणि ते ज्ञान मातीला जसंच्या तसं लागू पडतं, फक्त ऊन टाळायचं.

सुकली का हे बघायला प्लेट गालाला लावा. गार लागली तर आत पाणी आहे. खोलीइतकीच वाटली तर भट्टीत जाऊ द्या.

पहिली भाजणी

हे नवऱ्याचं खातं, त्याची एक वही आहे ज्यात प्रत्येक भाजणीचं तापमान आणि वेळ लिहिलेली असते. वही ठेवाच, पुढे तीच शिकवते.

पहिली भाजणी म्हणजे बिस्क, साधारण १००० डिग्री. सुरुवात हळू, तासाला ६० ते ८० डिग्री, आणि ९० च्या आसपास दोन तास थांबा. पाणी १०० ला उकळतं, मातीत थोडं जरी राहिलं असेल तर वाफ होते आणि प्लेट फुटते, फुटली की तिचे तुकडे शेजारच्या प्लेट्सवर पण जातात. ६०० पर्यंत तासाला १०० डिग्री. ५७३ डिग्रीला मातीतल्या क्वार्ट्झचे स्फटिक आपली रचना बदलतात आणि एकदम फुगतात, थंड होताना त्याच ठिकाणी परत आकसतात, म्हणून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तिथून घाई न करता जायचं. ६०० नंतर तासाला १५० चालतं. भट्टी १०० च्या खाली आल्याशिवाय दार उघडू नका, कितीही उत्सुकता असली तरी.

पानाचे उरलेले तुकडे आणि मातीतला सेंद्रिय भाग जळताना धूर आणि वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा आणि भट्टीच्या खोलीत कुणी झोपू नका.

विजेचं: भट्टीला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग लागतं, जरा मोठी भट्टी असेल तर थ्री फेज. इलेक्ट्रिशियनला भट्टीचे किलोवॅट आधी सांगा. आणि पुण्यात देखभालीसाठी वीज बहुतेक गुरुवारी बंद असते, त्यामुळे बुधवारी रात्री भट्टी लावू नका. बिस्कमध्ये वीज गेली तर फारसं बिघडत नाही, परत चालू करता येते, पण ग्लेझच्या भाजणीत वरच्या टोकाला गेली तर अख्खी भट्टी वाया जाऊ शकते.

ग्लेझ

पानाच्या प्लेटला ग्लेझ कमीच लावायचं असतं. जाड, अपारदर्शक ग्लेझ लावलं की ज्या शिरांसाठी एवढी मेहनत केली त्या सगळ्या बुजतात.

आमची नेहमीची पद्धत अशी. बिस्क झालेली प्लेट ओल्या स्पंजने पुसा, धूळ राहिली तर ग्लेझ तिथून सरकतं. आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून ब्रशने पूर्ण पानावर लावा, शिरांच्या खाचांत नीट जाऊ द्या. थोडं सुकलं की ओल्या स्पंजने वरचं पुसून टाका, खाचांत राहतं तेवढंच राहू द्या, स्पंज सारखा धुवा. मग वर पारदर्शक किंवा फिकट हिरवट ग्लेझचा एकच हात, भाजण्याआधी साधारण १ मिलिमीटर जाड. वितळल्यावर ग्लेझ खाचांत थोडं जास्त साचतं आणि उठावावर पातळ होतं, त्यामुळे एकाच रंगात दोन छटा दिसतात आणि पान जिवंत वाटतं.

हे जाऊ करते. तिच्या टेबलासमोर जोर्वे पद्धतीच्या भांड्यांचे फोटो लावलेत. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं होतं, तिथे ३००० वर्षांहून जुन्या वस्तीत ही भांडी निघाली, लालसर अंग, त्यावर काळ्या रंगाच्या मोजक्या रेषा, काही तोटीची, आणि कुंभाराची भट्टीसुद्धा सापडली. तिचं म्हणणं असं की एवढ्या थोड्या रेषांत ते लोक थांबले, आपण पण थांबावं. मला ते पटतं. नक्षी पानाने आधीच केलेली असते.

राखेचं ग्लेझ हा नादच वेगळा आहे. सिंहगडाच्या बाजूला चुलीवर भाकरी करणाऱ्या मावशींकडून राख मिळते, लाकडाची राख, कोळशाची नको. ८० नंबरच्या चाळणीतून चाळा, हातमोजे आणि मास्क घाला कारण राख क्षारयुक्त असते, हात जळजळतात. राख ४०, फेल्डस्पार (ग्लेझ वितळायला मदत करणारं खनिज) ४०, चायना क्ले (पांढरी चिनी माती) २० हे जुनं प्रमाण सुरुवातीला घ्यायला बरं, पण ते १२६० च्या पुढच्या भाजणीचं आहे. १२२० ला ते नीट वितळत नाही, बोरॉनचं फ्रिट (आधी वितळवून दळलेली काचेची पूड) घालायला लागतं, आणि प्रत्येक चुलीची राख वेगळी त्यामुळे टेस्ट टाइलशिवाय प्लेटवर लावू नका.

जेवायच्या प्लेटचं ग्लेझ शिशाशिवाय आणि कॅडमियमशिवायचंच पाहिजे, विकत घेताना विचारा आणि लेखी घ्या. हिरव्यासाठी कॉपर भरपूर घालायचा मोह होतो, तसं ग्लेझ आंबट पदार्थात उतरू शकतं, ते फुलदाणीला ठेवा. मँगनीजचंही तेच.

प्लेटच्या पायाला वॅक्स लावा आणि खालचे ३ मिलिमीटर ग्लेझ स्वच्छ पुसा, नाहीतर प्लेट भट्टीच्या शेल्फला कायमची चिकटते. शेल्फवर अल्युमिना आणि चायना क्ले समान घेऊन केलेला किल्न वॉश, म्हणजे न चिकटणारा लेप, असावा.

भाजणी १२२० च्या आसपास, म्हणजे कोन ६ (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, त्याला नंबर असतो). शेवटचे १०० डिग्री हळू, तासाला ६०-७०, आणि वर १० ते १५ मिनिटं थांबा, ग्लेझमधले बुडबुडे बसतात. कंट्रोलरवर आकडा दिसत असला तरी आत कोन ठेवा, कारण मातीवर फक्त तापमानाचा नाही तर तापमान आणि वेळ दोन्हींचा परिणाम होतो आणि ते कोनच दाखवतो.

धूळ

थोडक्यात पण गंभीरपणे. कोरडी माती, ग्लेझची पावडर यात सिलिका असते, तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. स्टुडिओत झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. पावडर मोजताना एन-९५ मास्क. घरच्या स्टुडिओत हे दुप्पट महत्त्वाचं कारण त्याच जिन्याने मुलं वर जातात, कामाचे कपडे आणि चपला खालीच ठेवा. मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, तीन बादल्या ठेवा, माती खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी परत वापरा. ग्लेझचं पाणी वेगळ्या बादलीत, आणि ते झाडांना नको.

विकण्याआधी

प्रत्येक नवीन ग्लेझच्या प्लेटवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी रंग किंवा चमक बदललेली दिसली तर ते ग्लेझ जेवणाला नाही. हे घरचं तपासणं झालं, नियमित विक्री करणार असाल तर लॅबमधून शिसं आणि कॅडमियमची चाचणी करून घ्या, त्यासाठी आयएसओ ६४८६ हे मानक आहे. प्लेट वजन करून पाण्यात रात्रभर बुडवा, पुसून परत वजन करा, फारसं वाढता कामा नये. भट्टीतून काढल्यावर दिवसभर टिंग टिंग आवाज येत असेल तर ग्लेझला बारीक तडे जात आहेत, माती आणि ग्लेझची जोडी जमत नाहीये, ग्लेझ बदला. थोडीशी वाकडी पण चांगली भाजलेली प्लेट सेकंड म्हणून कमी किमतीत द्या आणि तसं स्पष्ट सांगा, चिरलेली मात्र कुणालाच देऊ नका.

किंमत लावताना माती आणि वीज सगळे धरतात, सासूबाईंचे सकाळ-संध्याकाळचे पाट फिरवण्याचे तास कुणी धरत नाही. धरा. घरातलं माणूस आहे म्हणून ते काम फुकट नसतं, आणि ते धरलं नाही तर स्टुडिओ चालत नाही.

भट्टी नसेल तर

पुण्यात बरेच स्टुडिओ बाहेरच्या वस्तू भाजून देतात, शेल्फच्या जागेवर किंवा वजनावर पैसे घेतात. आधी फोन करून विचारा की बिस्क आणि ग्लेझ दोन्ही करतात का आणि किती डिग्रीला. पूर्ण सुकलेली कच्ची प्लेट फार नाजूक असते, पुण्याच्या रस्त्यावर स्कूटरवरून नेऊ नका, गाडीत खाली जाड फोम टाकून, प्रत्येक प्लेट वेगळी, एकावर एक न ठेवता न्या. बिस्क झालेली त्यामानाने घट्ट असते, कागदात गुंडाळून चालते. आणि भट्टीवाल्यांना कागदावर लिहून द्या की माती कुठली आहे आणि किती डिग्रीची आहे, नुसतं तोंडी सांगू नका, कारण टेराकोटा चुकून १२२० ला गेली तर ती वितळून त्यांच्या शेल्फवर पसरते आणि शेल्फ बरंच महाग असतं. सोबत त्याच मातीची एक छोटी टाइल द्या, ती आधी भाजून बघायला सांगा, ती नीट आली की मगच प्लेट्स पाठवा.